मदत हवी आहे: अमेरिकेतून आणलेल्या ब्लू-रे इथे चालतात का? आत्ता घेऊ की थांबू? (लवकर सांगा प्लीज)

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून शुक्रवारी निघतोय आणि त्याच्याकडून मला डिस्क मागवायच्यात. तिकडे जुलैचा सेल चालू आहे, क्रायटेरियनचं (जुने गाजलेले सिनेमे डिस्कवर काढणारी तिकडची कंपनी) सगळं अर्ध्या किमतीत, परत असा सेल थेट नोव्हेंबरमध्ये, आणि तेव्हा कोणी येणारं नाहीये. मला एवढंच सांगा की त्या इथे चालतील का. दुसरं म्हणजे एका ग्रुपवर म्हणत होते की आत्ता घेऊ नका, नवीन रिस्टोअर केलेल्या, म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त करून काढलेल्या येणारेत. तर थांबू की घेऊ? तो उद्याच दुकानात जाणारे. आणि यूट्यूबवर आहेत असं कृपया कोणी सांगू नका, तिथली प्रिंट बघूनच जीव विटलाय.

रीळवेडा
कुठले सिनेमे? साधी ब्लू-रे की तिच्याहून बारीक चित्राची ४के? प्लेअर कोणता? यातलं काहीच लिहिलं नाहीये, उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

सचिन_बार्शीकर
मी तर म्हणतो डिस्क घेऊच नका. आता सगळं स्ट्रीमिंगवर येतं, घरात जागा अडत नाही, धूळ नाही, बुरशी नाही. मी माझ्या सगळ्या डीव्हीडी देऊन टाकल्या, काही अडलं नाही.

मृण्मयी_के
@रीळवेडा प्लेअर आहे हो, ब्लू-रे प्लेअर आहे, नीट चालतो. टीव्ही ४के आहे. सिनेमे म्हणजे सत्यजित रे यांचे अपूचे तिन्ही आणि कुरोसावाचा सेव्हन सामुराई.
@सचिन स्ट्रीमिंगवर आज आहे ते उद्या नसतं. मागच्या वर्षी यादीत लावून ठेवलेले दोन सिनेमे बघायला बसले तर गायब.

जयंत_जोगळेकर
अपूचे तिन्ही म्हणालात म्हणून लिहितो. डोळे मिटून घ्या. आम्ही फिल्म सोसायटीत पथेर पांचाली पाहिला तेव्हा पडद्यावर नुसता ओरखड्यांचा पाऊस, आवाज मधेच बुडायचा, तरी हॉल गच्च. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या हेंडरसन लॅबमधल्या आगीत होरपळल्या. आदल्या वर्षी रे यांना मानद ऑस्कर मिळालं, मग ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचे सिनेमे जतन करायचे ठरवलं आणि त्यासाठी निघालेली रिळं वाटेत त्या लॅबमध्ये होती. काय म्हणावं या नशिबाला. पण जळकी रिळं अकादमीने टाकून दिली नाहीत, सांभाळून ठेवली. वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये ती वाळून ठिसूळ झालेली फिल्म परत ओलावा देऊन मऊ केली, जळलेल्या कडा आणि स्प्रॉकेटची भोकं हाताने दुरुस्त केली, आणि मगच स्कॅन केली. पथेर पांचालीचा ४० टक्के भाग आणि अपराजितोचा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्या जळक्या मूळ निगेटिव्हमधून आलाय! अपूर संसारची वाचलेली रिळं मात्र वापरण्यापलीकडे गेली होती, तो दुसऱ्या प्रतींवरून करावा लागला. २०१५ मध्ये हे पूर्ण झालं. यापेक्षा चांगलं अजून काय येणार आणि कुठून येणार? थांबण्यात काहीच अर्थ नाही.

पिक्सेल_पाटील
माझ्या मित्राकडं पाहिलाय हा सेट. एवढं रिस्टोअर केलंय म्हणतात पण चित्रात सगळीकडं दाणे दाणे दिसतात राव. आजकाल सॉफ्टवेअरनं एका क्लिकवर ते साफ होतंय, मग यांनी का नाही केलं? एवढे पैसे देऊन गुळगुळीत चित्र नको का?

जयंत_जोगळेकर
पाटीलसाहेब, तो दाणा म्हणजेच फिल्म आहे, तिच्यावरचं चित्र बनतंच त्याचं. तो पुसला की अपूच्या बहिणीच्या, दुर्गाच्या चेहऱ्यावरची कातडी मेणाची दिसायला लागते, काशफुलांचे तुरे जाऊन नुसता पांढरा पट्टा उरतो. मित्राच्या टीव्हीवर शार्पनेस चढवलेला असणार, तो शून्यावर आणा आणि चित्र सिनेमा मोडवर ठेवा, मग परत बघा.

पिक्सेल_पाटील
टीव्ही बरोबर आहे ओ त्याचा. ज्याला दाणे आवडतात त्यानं बघावे, मला स्वच्छ चित्र आवडतं. दोन्ही प्रकार एकाच डिस्कवर दिले तर काय बिघडतंय?

रीळवेडा
दाण्यांचं नंतर बघू, बाईंचा भाऊ उद्या दुकानात जातोय. @मृण्मयी, ब्लू-रेला रिजन असतो, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, आपण सी मध्ये. क्रायटेरियनच्या अमेरिकन ब्लू-रे ए ला बांधलेल्या असतात, भारतात विकलेल्या प्लेअरमध्ये घातल्या तर पडद्यावर सूचना येते आणि संपलं. ४के डिस्कला रिजन नसतो, ती कुठलीही कुठेही चालते, पण तिला ४के प्लेअरच लागतो. टीव्ही ४के असून उपयोग नाही. तुमचा प्लेअर ४के आहे का? मागे मॉडेल नंबर असेल, तो टाका.

अनघा_ठाणे
पाल आणि एनटीएससीचं, म्हणजे देशोदेशीच्या टीव्ही पद्धतींचं पण बघा हं. अमेरिकेतलं एनटीएससी असतं, आपल्याकडे रंग उडतात. आमच्या दिरांनी आणलेल्या कॅसेटचं असंच झालं होतं.

रीळवेडा
अनघाताई, ती भानगड व्हीएचएस आणि डीव्हीडीच्या काळातली. ब्लू-रेवर सिनेमा मूळच्या सेकंदाला २४ फ्रेमनेच असतो. पाल डीव्हीडीवर तो २५ ने पळवायचे, त्यामुळे चार टक्के लवकर संपायचा आणि आवाजही किंचित चढा लागायचा. इथे तो प्रश्नच नाही.

अनघा_ठाणे
बरं. मग त्या कॅसेटचं विचारून घेते इथेच, तिच्यावर पांढरी बुरशी आलीये, लग्नाची आहे, कोणाला माहितीये का कशाने पुसतात?

सचिन_बार्शीकर
ताई पुसू नका आणि तशीच प्लेअरमध्ये पण घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना पसरते. कोरड्या जागी ठेवा आणि डिजिटल करून देणाऱ्याकडेच द्या. पैसे जातात पण चित्र वाचतं.

मृण्मयी_के
मॉडेल नंबर घासलाय, वाचता येत नाहीये. ४के नाहीये एवढं नक्की. काकांनी दुबईहून आणला होता. घरातल्या सगळ्या डीव्हीडी त्यावर मस्त चालतात, म्हणजे हे पण चालेलच ना?

रीळवेडा
हे आधी सांगायचं ना! दुबई म्हणजे बी रिजन. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या डीव्हीडीला रिजन लावतच नव्हत्या, म्हणून त्या चालतात. त्यावरून ब्लू-रेचा अंदाज बांधू नका. अपूचा अमेरिकन सेट या प्लेअरवर चालणार नाही. सामुराईच्या ४के पाकिटात साध्या ब्लू-रे पण असतात, त्या ए रिजनच्या, म्हणजे त्याही नाहीत. भावाला आत्ताच कळवा.

निखिल_लीड्स
सामुराईपुरता एक सोपा मार्ग आहे. जपानच्या तोहो कंपनीने ४के रिस्टोअर केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत क्रायटेरियनने, इकडे ब्रिटनमध्ये बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) काढली. बीएफआयची ब्लू-रे बी रिजनची असते, तुमच्या दुबईच्या प्लेअरवर धावेल. ब्रिटनमधून कोणी येणार असेल तर तीच मागवा. तीन तास सत्तावीस मिनिटांचा सिनेमा आहे, शेवटच्या पावसातल्या लढाईत चिखल, घोडे, भाले सगळं सुटं सुटं दिसतं, आधीच्या डिस्कवर तिथे नुसता राखाडी गोळा व्हायचा. भावाला फक्त अपू घ्यायला सांगा.

केतन_आयटी
कोणी कॉम्प्युटरचं का बोलत नाहीये? बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह घ्या, ब्लू-रेचा रिजन ड्राइव्ह तपासत नाही, सॉफ्टवेअर तपासतं. सॉफ्टवेअर पहिल्यांदा लावतानाच ए ठेवा, कारण तो ठरावीक वेळाच बदलता येतो. लॅपटॉपमधून एचडीएमआयने टीव्हीला, विषय संपला.

जयंत_जोगळेकर
लॅपटॉप, वायरी, अपडेट मागणारं सॉफ्टवेअर, हे सगळं करून सिनेमा बघायला बसेपर्यंत घरातली माणसं झोपायला जातात. त्यापेक्षा भावाला तिकडूनच साधा ब्लू-रे प्लेअर आणायला सांगा. ए रिजनचा वेगळा, दुबईचा वेगळा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. माझ्याकडे तसंच आहे.

केतन_आयटी
काका, अमेरिकेतला प्लेअर ११० व्होल्टवर चालतो. इथे लावला की जळेल.

रीळवेडा
सरसकट नाही. मागच्या लेबलवर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १२० असेल तर घ्यायचाच नाही. भावाला दुकानातच खोक्यावर बघायला सांगा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मात्र प्लेअर हवा असेल तर फार रेंगाळू नका, सॅमसंगने २०१९ मध्येच नवीन ब्लू-रे प्लेअर बंद केले, ओप्पो त्याच्या आधी गेलं. पर्याय दरवर्षी कमीच होतायत.

शमा_कोथरूड
थांबायचं कशासाठी ते मी सांगते. मंथन! २०२४ मध्ये रिस्टोअर होऊन कानला गेला आणि जूनच्या सुरुवातीला इथे थिएटरला दोन दिवस लागला तेव्हा मी गेले होते. निगेटिव्ह आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हमध्येच होती. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये घालून केलेला सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं, आणि स्मिता दारात उभी राहते तेव्हा घागऱ्यावरची धूळसुद्धा दिसते. नीट डिस्क निघाली की मी पहिल्याच दिवशी घेणार. शोलेची पण वाट बघतेय, मूळ शेवट जोडलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली ती.

पिक्सेल_पाटील
शोले आला की मी पण घेणार. ७० एमएमचा खरा आवाका घरी बघायचाय.

जयंत_जोगळेकर
७० एमएमची एकही प्रिंट शिल्लक नव्हती आणि मूळ निगेटिव्हचीही दशा झालेली होती, तरी उभा केला फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या, म्हणजे जुने सिनेमे जतन करणाऱ्या मंडळींनी. मला मात्र प्रभातचं सांगा कोणीतरी. संत तुकाराम १९३६ चा, पुढच्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात नावाजला गेलेला, आणि आपल्याकडे त्याची जी डिस्क मिळते तिच्यात विष्णुपंत पागनीसांचे डोळे दिसत नाहीत. अभंग ऐकू येतो, चेहरा हरवलेला. कुंकू, माणूस, शेजारी, सगळ्यांचं तेच. त्या काळच्या चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा काय भरवसा, २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली तेव्हा कितीतरी जुनी रिळं गेली. जे उरलंय त्यावरून का होईना, तुकाराम असा स्वच्छ करून कोणी काढला तर मी पेन्शनमधून दहा सेट घेऊन वाटेन.

शमा_कोथरूड
काका, बंगाली लोक रे यांच्यासाठी मागे लागतात तसं आपण लागत नाही हो. अर्काइव्हला, फिल्म हेरिटेज फाउंडेशनला पत्रं लिहायला पाहिजेत. मी मसुदा करते, तुम्ही सह्या गोळा करा.

मृण्मयी_के
भावाशी बोलले. सामुराई सोडला, निखिलनी सांगितलेला घेईन. अपूचा सेट दुकानात एकच उरलाय, तो बाजूला ठेवायला सांगितलाय. प्लेअरचे दोन प्रकार होते, एकावर १००-२४० आहे पण त्याची किंमत सेटच्या दुप्पट. घरचे म्हणतायत ड्राइव्ह घे, लॅपटॉप आहेच. पण बाबांना सिनेमा बघताना लॅपटॉप समोर दिसला की चिडचिड होते, त्यांना रिमोट हातात लागतो. काय करू?

जयंत_जोगळेकर
प्लेअर घ्या. बाबांसाठी आणताय ना, मग प्रश्नच मिटला. आणि सबटायटल इंग्रजीच असणार आहेत, त्यांना वाचायला जमेल ना?

केतन_आयटी
ड्राइव्ह घ्या आणि लांब एचडीएमआय वायर, लॅपटॉप आतल्या खोलीत ठेवा. रिमोट म्हणून मोबाइल वापरता येतो, सेटिंग मी लिहून देतो.

रीळवेडा
दोन्ही चालेल, पण एक करा. भावाला सेट चेक-इनच्या बॅगेत टाकू देऊ नका. आपटून डिस्क मधल्या दातांवरून सुटतात आणि खोक्यात फिरून ओरखडे पडतात. हातातल्या बॅगेत, कपड्यात गुंडाळून. आणि बिल सोबत ठेवा.

अनघा_ठाणे
सचिन, ठाण्यात कॅसेट डिजिटल करून देणारं कोणी खात्रीचं माहितीये का?