मदत हवी आहे : साडेचार वर्षांच्या लेकीसाठी वाचनालय

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. लेक आत्ता साडेचारची, सहा पूर्ण झाली की पहिलीत जाईल. बालवाडीतून रोज अ-आ-इ गिरवायला येतं, ते ती करतेही. पण मी गोष्ट वाचायला घेतली की दुसऱ्या पानाला उठून पळते. स्वतः मात्र पुस्तक उलटं धरून मोठ्यानं ‘वाचत’ बसली की जेवायला हाक मारली तरी हलत नाही!

आणखी गिरवून घेण्यापेक्षा चार पोरांत बसून गोष्ट ऐकायची, मध्येच प्रश्न विचारायचे, आपलं पुस्तक आपण निवडायचं, वेळेत परत द्यायचं, ही सवय लागावी असं वाटतं. ऐकून शब्द साठले की पुढं वाचायलाही सोपं जातं.

करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. तिथं किंवा दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक वाचनालयात एवढ्या लहानग्यांना घेतात का? बालविभागाची वेळ, वर्गणी, अनामत? गोष्टी सांगायचा कार्यक्रम होतो का? एका ठिकाणी विचारलं तर “वाचता यायला लागली की आणा” म्हणाले. आता काय बोलायचं!

जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तकं कुठं मिळत असतील तर तेही सांगा, आमची लेक पानं फाडते.