केळी रेल्वेनं पाठवणं परवडतं का? (रावेर-सावदा पट्टा)

निंभोऱ्याचा बागायतदार:
राम राम मंडळी. नवती, म्हणजे नव्या लागवडीच्या, केळीची कापणी महिनाभरावर आली. व्यापारी ट्रकभाड्याचं कारण सांगून भाव पाडतो. गटातली पोरं म्हणतात, आपणच व्हीपी, म्हणजे रेल्वेचा पार्सल डबा, भरून दिल्लीला माल लावू. रेल्वेनं धूर कमी होतो, हे पटतं. पण शेतकऱ्याच्या हातात काही उरतं का? किसान रेलच्या, म्हणजे शेतमालाच्या खास रेल्वेगाड्यांच्या, वेळी ज्यांनी माल भरलाय त्यांनी सांगावं.

सावद्याचा आबा:
भाऊ, उरतं, पण डबा पूर्ण भरला तरच. किसान रेल ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली-दानापूर अशी सुरू झाली, मग आपल्याकडून दिल्लीच्या आदर्शनगर स्टेशनला गाड्या लागल्या. तेव्हा फळ-भाजीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळायची. तुम्ही हिशेब सवलतीशिवायच करा.

एका व्हीपीत साधारण २३ टन बसतात. २० व्हीपींचा रॅक, म्हणजे सगळी गाडी, भरली तर ४६० टन. १६ टनी ट्रक धरले तर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरून २८-२९ ट्रक कमी झाले. आपल्या मार्गावर विजेचं इंजिन धावतं. वीजही कोळशावर होते, दीपनगरचं वीजकेंद्र आपल्या डोळ्यासमोर आहे. तरी रुळावर लोखंडी चाकाला घर्षण इतकं कमी, की टनामागे ऊर्जा ट्रकपेक्षा फार कमी लागते. रॅक भरणं ही आपल्या मातीची काळजी आहे, असं मी मनापासून मानतो.

अडचण वेगळीच आहे. ट्रक बांधावर येतो, रेल्वे येत नाही. बागेतून ट्रॅक्टर, स्टेशनवर उतरवणं, परत डब्यात भरणं. दर वेळी माल हाताळला जातो आणि हिरव्या सालीवरचा ओरखडा पिकल्यावर काळा पडतो. म्हणून घड तसेच रचू नका, फण्या करून क्रेटमध्ये भरा. उन्हाळ्यात कापणी पहाटे उरका. तापलेला माल डब्यात कोंबला की वाटेतच पिकू लागतो. आदर्शनगरला माल उतरवून घेणारा आधीच ठरवा, आझादपूर मंडी तिथून जवळच आहे. आणि स्टेशनवर भरणीच्या जागी पक्की शेड मागा. भाड्यातल्या सवलतीपेक्षा मला ती जास्त मोलाची वाटते.

जामनेरकर:
आबांचं खरं आहे. त्यात भर एवढीच, की भुसावळ-खंडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, १३१ किलोमीटर. एक्सप्रेसला वाट देत मालगाडी थांबते, ते त्यानं कमी व्हावं. आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी, पीजे, २०२० पासून बंद आहे. ती ब्रॉडगेज होऊन बोदवडला जोडली गेली, तर इकडचा कापूस-मकाही रुळावर येईल. तोवर सगळा भार रस्त्यावरच.

निंभोऱ्याचा बागायतदार:
आबा, रिकामे क्रेट दिल्लीहून परत कसे आणायचे? त्याचं भाडं वेगळं पडायचं का?

सावद्याचा आबा:
वेगळं पडायचं. ते धरूनच व्यापाऱ्याच्या भावाशी ताळा करा. एकट्यानं नाही, चार-पाच बागायतदार मिळून एक व्हीपी भरा.