मलेशियात गाडीवर काय काय खाल्लंत? येऊ द्या अनुभव

बहिणीकडे क्वालालंपूरला चार खेपा झाल्या, तेव्हा हा धागा काढायचा हक्क मिळाला असं समजते. हॉटेलातला बुफे नको, मॉल नको. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घाम पुसत जे खाल्लंत, ते लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

माझीच घ्या. तिच्या घराखाली मामाकचं दुकान आहे. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ, रात्री दोनलाही गजबजलेली. रोटी चनाई करणाऱ्याचे हात बघत मी उभी. तेलातुपात मुरलेला मैद्याचा गोळा तो ओट्यावर थापटतो, हवेत फिरवून लुगड्यासारखा पातळ करतो, घडी घालतो, तव्यावर टाकतो. शेवटी गरमागरम रोटी दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवल्यासारखी चेपतो. पदर सुटतात ते त्या टाळीने. साधी रोटी हवी तर 'कोसोंग' म्हण, असं बहिणीने शिकवलं होतं. कोसोंग म्हणजे रिकामं. मी हुशारी करून चहाही 'तेह ओ कोसोंग' मागितला. आलं ते काळं कडू पाणी! 'ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेचा. नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेला गोडमिट्ट. आता मी 'तेह तारिक, कुरांग मानिस' म्हणते, म्हणजे उंचावरून ओतलेला, गोड कमी. ते कमीही आपल्या लग्नातल्या चहाइतकं असतं, ही गोष्ट वेगळी.

मालवणी कालवण :
पेनांग बेटावर आयर इतामच्या बाजारात आसाम लाक्सा खाल्ला. हा आसाम आपला नव्हे, मलयमध्ये आसाम म्हणजे आंबट. वाडग्यात तांदळाच्या जाड पांढऱ्या शेवया, वर काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि कुठल्याशा गुलाबी फुलाचे काप. वाफ नाकात गेली आणि मी बायकोकडे बघितलं. बांगडा! विचारलं तर म्हणे 'इकान केंबुंग'. बांगडाच तो, उकडून, कुस्करून रश्शात सोडलेला. आंबटपणाला चिंच आणि 'आसाम कपिंग' नावाच्या सुकवलेल्या चकत्या. ते फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. आईचं तिखलं कुणीतरी पातळ करून त्यात शेवया सोडाव्यात तसं लागलं. फक्त तिरफळं नाहीत, आणि शेवटी चमचाभर काळी चिकट कोळंबीची पेस्ट घालतात, ती पहिल्या घासाला गोड लागून दचकायला होतं. बायको कोल्हापूरची. तिने अननस वेचून खाल्ला.

आणखी एक. बेलाचान म्हणून जी वडी मिळते ना, ती जवळ्याची असते. जवळा मिठात मुरवून, कुटून, वाळवून केलेली. भाजताना वास आला की शेजारी खिडक्या लावतात म्हणे. आमच्या गावात उघडतात.

साबुदाणा :
वरच्यांचं कौतुक वाचून मला रडू येतंय. मी शुद्ध शाकाहारी. कांगकोंगची भाजी मागवली, आपली नाळीची भाजी ती, हिरवीगार, लसूण घातलेली. अर्धी संपल्यावर कळलं की त्यात तोच जवळा. नासी लमाकचा नारळाच्या दुधातला भात, शेंगदाणे, काकडी सगळं चालेल, पण सांबलमध्ये, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा बेलाचान असतं आणि बाजूला कुरकुरीत सुके मासे. भाजी सांगताना 'बेलाचान नको' हे वेगळं सांगावं लागतं. मला तारलं चिनी बौद्धांच्या शाकाहारी दुकानांनी. त्यांच्या महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथे ही गर्दी! बरेच लोक त्या दिवशी मांस सोडतात. आपल्या एकादशीसारखंच की.

तवा गरम :
'चार क्वे त्याओ' हा पदार्थ कुणी लिहिला नाही? रुंद तांदळाच्या शेवया, कोळंबी, शिंपल्या, मोड, अंडं. पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये एक म्हातारा कोळशावर एका वेळी एकच प्लेट करत होता. मी ४० मिनिटं उभा. कढईत ज्वाळा शिरते तो धुराचा वास शेवयांना लागतो, तीच खरी चव. एकदम चार प्लेटी टाकल्या की कढई थंड पडते आणि शेवया वाफेवर शिजतात. चिनी गाडीवर डुकराची चरबी असू शकते, न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

फजिती: कोपितियाममध्ये, म्हणजे आत खाण्याच्या गाड्या असलेल्या चहा-कॉफीच्या दुकानात, मी बाहेरून आणलेला उसाचा रस घेऊन बसलो. खाणं कुठल्याही गाडीचं, पण पेय त्या दुकानाचंच घ्यायचं असतं. त्यावरच मालकाचं पोट. दुकानातल्या बाई मलयमध्ये बोलल्या, अर्थ मराठीत कळला.

भटक्या :
क्वालालंपूरच्या जालान आलोर या खाऊगल्लीत जाऊ नका, सगळा पर्यटकांचा बाजार.

तवा गरम :
@भटक्या, इतकंही नाही हो. साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, बरं मिळतं. पण पेनांगची सर नाही, हे मान्य. तिथे २०१६ पासून ठरावीक स्थानिक पदार्थ परदेशी कामगारांनी शिजवायलाच बंदी आहे. चव बिघडते म्हणून!

कावड :
माझं नाव नासी कांदारवरून. कांदार म्हणजे खांद्यावर वाहायची काठी. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण लटकवून पेनांगच्या गोदीवर विकायचे. आता काठी नाही, रांग आहे. 'बांजिर' म्हणा, म्हणजे पूर. चार-पाच प्रकारचे रस्से एकमेकांत मिसळून दुकानदार भातावर ओततो. दिसायला चिखल. मी तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

साबुदाणा :
शाकाहारी पूर मिळतो का?

कावड :
भेंडी, कोबी मिळेल. पण रश्शाचा डाव सगळ्या पातेल्यांतून फिरतो हो. तुम्ही आपलं चेंडोल खा. बर्फ, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून माडाचा गूळ.

मालवणी कालवण :
तो गूळ मी दोन वड्या घरी आणला. आईने कागद सोडला, वास घेतला आणि न विचारता डब्यात टाकला. परत दिसला नाही.