जन्मतः न रडलेल्या बाळाला आता झटके येत आहेत. पुढे काय होईल?

प्रश्न – एक आई, कोल्हापूर

माझा मुलगा 7 महिन्यांचा आहे. जन्मल्यावर तो रडला नाही आणि काही दिवस व्हेंटिलेटरवर होता. एमआरआयमध्ये मेंदूला दोन्ही बाजूंनी मोठी इजा झाल्याचे सांगितले गेले. तेव्हाच्या आकड्या थांबल्यावर औषध बंद झाले होते. मात्र आता झोपेतून उठला की तो मान पुढे टाकतो, दोन्ही हात एकदम फाकवतो, क्षणभर ताठरतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा तेच होते. सासूबाईंच्या मते तो दचकतो किंवा पोटात कळ येते. हे काय असावे? आणि तो बसेल का, चालेल का, त्याला आयुष्य किती असेल, हेही जाणकारांनी सांगावे. डॉक्टरांसमोर हे प्रश्न ओठांवर येऊन परत जातात.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, नाशिक

ताई, एक-दोन दिवसांत बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि झटक्यांचे मोबाईलवर चित्रण करून न्या. आवाजाने दचकलेले बाळ एकदा दचकून थांबते; झोपेतून उठल्यावर लागोपाठ येणारे असे झटके इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या वयातल्या एका गंभीर प्रकारच्या आकड्या, असू शकतात. ते बहुधा 3 ते 12 महिन्यांच्या वयात सुरू होतात आणि उपचारांना उशीर झाला, तर मेंदूच्या वाढीचे आणखी नुकसान होते. जागेपणी आणि झोपेत असा दोन्ही वेळचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढावा लागतो. एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शने (ती शरीरात स्टेरॉइड वाढवतात), तोंडाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किंवा आकड्यांवरचे व्हिगाबाट्रिन ही मुख्य औषधे आहेत. स्टेरॉइड मनाने एकाएकी बंद करू नका, कारण ते जिवावर बेतू शकते. शिवाय या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते आणि 9 व्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असल्याने ती केव्हा द्यायची, हेही विचारून घ्या.

स्पाझम थांबले तरी मूळ इजा भरून येत नाही. अशा अनेक मुलांमध्ये पुढे वेगळ्या प्रकारच्या आकड्या सुरू होतात, काहींना दोन-तीन औषधे किंवा कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) आहार लागतो, आणि काहींच्या आकड्या मात्र पूर्ण आटोक्यात येतात. चालण्याबद्दल आज कोणी ठामपणे सांगू नये. साधारण 2 वर्षांपर्यंत मूल आधाराशिवाय बसू लागले, तर आशा बरीच वाढते; तोवर बसले नाही, तर स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता कमी असते.

उत्तर – एक बाबा, पुणे

आमची मुलगी 11 वर्षांची आहे; ती बसत नाही, बोलत नाही, पण माझा आवाज ओळखून हसते. सुरुवातीला आमचे सगळे लक्ष आकड्यांवर होते, पण तिला रुग्णालयात न्यावे लागले ते बहुतेक वेळा न्यूमोनियामुळे, कारण पेज श्वासनलिकेत जात होती. थेरपिस्टनी शिकवल्यापासून आम्ही तिला टेकून सरळ बसवतो, हनुवटी किंचित खाली ठेवतो, अर्धाच चमचा भरतो आणि गिळल्याचे दिसल्याशिवाय पुढचा घास देत नाही. ताप आला की तिच्या आकड्या वाढतात, म्हणून आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा घरात आणि प्रवासाच्या पिशवीत असतो. आकडी 5 मिनिटांपुढे गेली की डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस देऊन आम्ही थेट रुग्णालय गाठतो. सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या कायमच्या मर्यादेचे) निदान झाल्यावर अपंगत्वाचा दाखला काढा आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत नाव नोंदवा. तीत 1 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

प्रश्नकर्ती

चित्रण दाखवले, उद्या ईईजी आहे. आयुष्याबद्दल मात्र कोणीच लिहिले नाही.

उत्तर – बालरोगतज्ज्ञ, नाशिक

तुम्ही विचारलेत ते योग्यच आहे. नुसत्या एमआरआयवरून वर्षे मोजता येत नाहीत. मान सावरणे, कुशीवर वळणे आणि तोंडाने सुरक्षित खाणे यांपैकी काहीच जमत नसेल, तर धोका सर्वाधिक असतो. अशी काही मुले लहानपणीच, बहुतेकदा छातीच्या संसर्गाने जातात. तरीही चांगली देखभाल मिळालेली पुष्कळ मुले प्रौढ वयात पोहोचतात. उद्या ईईजी झाल्यावर दूध पिताना तो ठसकतो का, हेही त्याच डॉक्टरांना सांगा आणि गिळण्याची तपासणी लिहून घ्या.