वृत्तपत्राने वाचकाचे खाते बंद करताना कारण सांगणे बंधनकारक असावे का?

पानउलट (प्रश्न)

ज्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर मी बरीच वर्षे नियमित प्रतिक्रिया लिहीत आलो, तिथले माझे खाते नुकतेच बंद करण्यात आले. लॉगिन केले की 'नियमांच्या उल्लंघनामुळे आपले खाते स्थगित करण्यात आले आहे' एवढेच वाक्य दिसते. कोणती प्रतिक्रिया, कोणता नियम, किती काळासाठी, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. दिलेल्या पत्त्यावर लिहिले तर यांत्रिक पोच येते, उत्तर येत नाही.

माझी शेवटची प्रतिक्रिया एका अग्रलेखाखाली होती. त्यातील एका आकड्याचा आधार मी विचारला होता आणि संपादकीय भूमिका सोयीप्रमाणे बदलते, असेही म्हटले होते. भाषा कडक होती, परंतु शिवी नव्हती, कोणावर वैयक्तिक आरोप नव्हता. याहून खटकते ते हे की खात्याबरोबर माझ्या साऱ्या जुन्या प्रतिक्रियाही नाहीशा झाल्या आणि त्यांना इतर वाचकांनी दिलेली उत्तरे आता कोणाला उद्देशून आहेत हेच कळेनासे झाले आहे.

आपल्या पानावर काय छापायचे हे ठरवण्याचा अधिकार वृत्तपत्राचा आहे, याबद्दल माझा वाद नाही. पूर्वी वाचकांची पत्रेही निवडूनच छापली जात आणि न छापलेल्या पत्राचा जाब कोणी विचारत नसे. माझा प्रश्न इतकाच आहे की एखादी प्रतिक्रिया नाकारणे आणि लिहिणाऱ्यालाच कायमचे बाहेर काढणे या दोन गोष्टी एकाच अधिकारात बसतात का, आणि बसत असतील तर तो अधिकार वापरण्याची काही रूढ रीत आहे का? जाणकारांनी कृपया लिहावे.

रात्रपाळी

मी काही काळ एका वृत्तसंकेतस्थळावर प्रतिक्रियांच्या नियंत्रणाचे काम केले आहे, त्यामुळे पडद्यामागे काय घडते ते आधी सांगतो.

नियंत्रकाला प्रतिक्रिया तुम्हाला दिसते तशी दिसत नाही. तक्रार झालेल्या किंवा गाळणीत अडकलेल्या प्रतिक्रियांची एक रांग त्याच्या पडद्यावर असते. प्रत्येक प्रतिक्रिया तिथे सुटी येते, म्हणजे वर कोणता लेख होता आणि ती कोणाला उत्तर म्हणून लिहिली होती, हे पाहायचे तर वेगळी खिडकी उघडावी लागते. रांग लांबली की ती खिडकी उघडली जात नाही. मग उपरोधाने लिहिलेले वाक्य शब्दशः घेतले जाते आणि दुसऱ्याची शिवी अवतरणात देऊन तिचा निषेध करणाराच शिवी दिल्याबद्दल पकडला जातो. शब्दगाळणीचे तर विचारूच नका. अक्षरांमध्ये टिंबे पेरून लिहिलेली अर्वाच्य शिवी तिच्यातून निसटते आणि एखादे निरुपद्रवी आडनाव अडकते.

कामाचा आवाका किती असतो पाहा. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये २०१७ पर्यंत १४ जणांचा गट दिवसाला सुमारे ११,००० प्रतिक्रिया वाचून मगच प्रसिद्ध करत असे, आणि त्यासाठी जेमतेम दहा टक्के लेखांखाली प्रतिक्रियांची सोय ठेवता येत होती. त्या वर्षी त्यांनी गूगलच्या जिगसॉ या विभागाने तयार केलेली यंत्रणा कामाला लावली, तेव्हा कुठे ही सोय अधिक लेखांपर्यंत नेता आली. 'गार्डियन'ने २००६ पासूनच्या आपल्या सात कोटी प्रतिक्रिया २०१६ मध्ये तपासल्या, तेव्हा त्यांतील सुमारे १४ लाख, म्हणजे दोन टक्के, नियंत्रकांनी अडवल्या होत्या असे दिसले. सर्वाधिक गैरवर्तन वाट्याला आलेल्या दहा लेखकांपैकी आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोन पुरुष कृष्णवर्णीय होते. बंदीचा अधिकार नकोच, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांआड करू नये.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. लेखी कायदा नसला तरी चांगल्या ठिकाणी एक चढती भाजणी पाळली जाते. आधी फक्त प्रतिक्रिया काढतात आणि तिच्या जागी 'नियंत्रकाने काढली' अशी खूण ठेवतात, म्हणजे खालची उत्तरे अधांतरी राहत नाहीत. तरीही तोच प्रकार सुरू राहिला तर इशारा देतात. त्यानंतर त्या वाचकाच्या प्रतिक्रिया पूर्वतपासणीत टाकतात, म्हणजे तो लिहू शकतो, पण वाचल्याशिवाय काही प्रसिद्ध होत नाही. त्यापुढे मुदतीची बंदी आणि अगदी शेवटी कायमची. धमकी, कोणाचा पत्ता किंवा फोन नंबर उघड करणे, जाहिरातींचा भडिमार अशा बाबतींत मात्र थेट शेवटची पायरी गाठली जाते आणि ते योग्यच आहे.

कारण का सांगत नाहीत, याचे विभागात दिले जाणारे उत्तर असे की कारण सांगितले की वाद सुरू होतो आणि सराईत माणूस नेमकी रेषा ओळखून तिच्या अलीकडे उभा राहून तेच करत राहतो. यात थोडे तथ्य आहे. परंतु खरी अडचण बहुतेक वेळा मनुष्यबळाची असते. कारण लिहायचे म्हणजे निर्णयाची नोंद ठेवायची, आणि नोंद ठेवली की ती कोणीतरी तपासू शकतो.

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू मांडतो, कारण वृत्तपत्रे कडक का होतात याचे अर्धे उत्तर तिथे आहे.

एस्टोनियातील 'डेल्फी' या वृत्तसंकेतस्थळाने जानेवारी २००६ मध्ये एका फेरी कंपनीवर बातमी दिली. तिच्याखाली १८५ प्रतिक्रिया आल्या आणि त्यांतील वीसेक धमक्यांच्या व अपमानास्पद होत्या. कंपनीच्या प्रमुख भागधारकाच्या वकिलांनी कळवले त्याच दिवशी त्या काढण्यात आल्या, परंतु तोवर सहा आठवडे उलटले होते. तिथल्या न्यायालयांनी संकेतस्थळाला जबाबदार धरले, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने जून २०१५ मध्ये हा निर्णय अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करत नाही असे ठरवले. भरपाई अवघी ३२० युरोंची होती, तरी आपल्या वाचकाच्या शब्दांसाठी आपण न्यायालयात उभे राहू शकतो, हा संदेश सगळ्या संपादकांपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने हंगेरीच्या एका प्रकरणात उलट कौल दिला. तिथल्या प्रतिक्रिया असभ्य होत्या, पण द्वेष किंवा हिंसेला चिथावणी देणाऱ्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमसंस्था आपल्या फेसबुक पानावरील वाचकांच्या प्रतिक्रियांच्याही 'प्रकाशक' ठरतात, असा निर्णय दिला. इतकी टांगती तलवार असताना संशयाचा फायदा वाचकाला देण्याची हिंमत थोडेच संपादक करतात.

अमेरिकेतील स्थिती वेगळी आहे. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने प्रॉडिजी या सेवेला अशासाठी जबाबदार धरले की ती काही मजकूर काढत होती. म्हणजे झाडलोट करणाऱ्यालाच उरलेल्या कचऱ्याचा दंड! हा उफराटा न्याय दुरुस्त करण्यासाठी १९९६ च्या कायद्यात कलम २३० आले. त्यामुळे इतरांच्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर येत नाही आणि सद्भावनेने मजकूर काढल्याबद्दलही त्याला संरक्षण मिळते. खाते बंद केले म्हणून तिथे वृत्तपत्राविरुद्ध दावा टिकणे जवळजवळ अशक्य आहे.

कारण सांगण्याच्या बंधनाबद्दल म्हणाल, तर युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याचे सतरावे कलम पाहा. इतरांचा मजकूर साठवणाऱ्या सेवेने तो काढला किंवा खाते स्थगित केले, तर संबंधिताला स्पष्ट आणि नेमके कारण कळवावे लागते. मात्र अंतर्गत अपिलाची सोय ठेवण्याचे बंधन 'ऑनलाइन मंच', म्हणजे लोकांचा मजकूर साठवून सर्वांपुढे मांडणाऱ्या सेवा, या वर्गापुरतेच आहे, आणि त्याच कायद्याच्या प्रस्तावनेत असे म्हटले आहे की ऑनलाइन वृत्तपत्राचा प्रतिक्रिया विभाग हा मुख्य सेवेला जोडलेला दुय्यम भाग असेल, तर तो या वर्गात धरू नये. म्हणजे तिथेसुद्धा कारण मागता येईल, परंतु दाद ऐकून घेणारी खिडकी असेलच असे नाही.

कोरापान

इतका ऊहापोह करण्याऐवजी प्रतिक्रिया बंदच का करू नयेत? 'पॉप्युलर सायन्स'ने २०१३ मध्ये केल्या, 'रॉयटर्स'ने २०१४ मध्ये बातम्यांखालच्या केल्या, अमेरिकेच्या 'एनपीआर' या सार्वजनिक रेडिओसंस्थेने २०१६ मध्ये केल्या. यांपैकी कोणाचा वाचक त्यामुळे अडाणी राहिल्याचे ऐकिवात नाही. खऱ्या नावाची सक्ती करा म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाचा अनुभव पाहावा. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर ओळखपडताळणी सक्तीची होती आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द ठरवली.

बंदीवरही माझा फारसा विश्वास नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये 'सीएनएन'सह तीन संकेतस्थळांवरील, पुढे बंदी घातल्या गेलेल्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासल्या होत्या. त्यांचे लेखन काळानुसार बिघडत गेलेले आढळलेच, पण सुरुवातीला ज्यांच्याशी अवाजवी कडकपणा झाला त्यांचे अधिक बिघडले. ज्याला हाकलायचे तो नव्या नावाने परत येतो, आणि ज्याला हाकलायला नको होते तो मात्र मुकाट्याने निघून जातो.

पानउलट

सर्वांचे आभार. रात्रपाळी यांना एक उपप्रश्न. माझी प्रतिक्रिया इतर वाचकांवर नव्हती, त्याच वृत्तपत्राच्या अग्रलेखावर होती. अशा वेळी तिचा निवाडा करणारा त्याच वृत्तपत्राचा नोकर असतो. यावर काही उपाय होता का?

रात्रपाळी

होता, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. शिवी ओळखायला कोणीही चालतो, पण टीका आपल्यावर असेल तेव्हा ती 'विषयांतर' वाटण्याचा मोह अनावर असतो. आमच्याकडे अलिखित नियम होता की लेखकाने आपल्या लेखाखालच्या प्रतिक्रियांना हात लावायचा नाही. तो सर्रास मोडला जाई. ज्येष्ठ सहकाऱ्याचा 'तेवढी ती खालची काढ' असा निरोप आला की रात्रपाळीचा कनिष्ठ माणूस काय करणार!

याला संस्थात्मक उत्तर म्हणजे वाचकांच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र वाचक-प्रतिनिधी. 'गार्डियन'ने १९९७ मध्ये असे पद निर्माण केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २००३ मध्ये 'पब्लिक एडिटर' नेमला आणि २०१७ मध्ये ते पद रद्द केले. समाजमाध्यमांवरचे वाचकच आता पहारेकरी आहेत, असे तेव्हा सांगण्यात आले आणि त्याच घोषणेत प्रतिक्रियांचा विस्तार करण्याचे आश्वासनही होते. म्हणजे पहारा वाचकांनी द्यायचा आणि पहारेकऱ्याला आत घ्यायचे की नाही हे मात्र आपण ठरवायचे. मला हा सौदा एकतर्फी वाटतो.

एवढा खर्च न झेपणाऱ्या वृत्तपत्राने निदान दोन गोष्टी कराव्यात. कायमच्या बंदीवर दुसऱ्या व्यक्तीची सही असावी, आणि वृत्तपत्रावरील टीकेच्या प्रकरणात ती व्यक्ती संपादकीय विभागाबाहेरची असावी. कोरापान यांना एवढेच सांगतो की प्रतिक्रिया बंद केल्याने लोक बोलायचे थांबत नाहीत. ते दुसरीकडे जातात आणि लेखातली चूक दाखवणारा वाचक लेखापासून दूर जातो. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारकाच्या 'एनआरके-बीटा' या विभागाने २०१७ मध्ये प्रतिक्रिया लिहिण्याआधी लेखावर आधारित तीन छोटे प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. मला तो मार्ग अधिक समंजस वाटतो, कारण त्यात माणूस न गाळता घाई गाळली जाते.

कलमबहाद्दर

पानउलट, व्यावहारिक सूचना. पुन्हा लिहाल तेव्हा 'अन्याय झाला' असे न लिहिता तीन गोष्टी मागा: कोणती प्रतिक्रिया, कोणत्या नियमाचे कोणते पोटकलम आणि बंदीची मुदत. पत्र प्रतिक्रिया विभागाच्या पत्त्याबरोबर संपादकांच्या नावेही पाठवा. तुम्ही युरोपीय संघात राहत असाल तर माहितीसंरक्षण नियमावलीच्या पंधराव्या कलमाखाली स्वतःच्या खात्याशी निगडित माहितीची, त्यात तुम्ही लिहिलेल्या प्रतिक्रियाही आल्या, प्रत मागता येते आणि साधारणतः एका महिन्यात उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. हे पत्र लवकर पाठवा, कारण काढलेला मजकूर ते किती दिवस जपून ठेवतात हे त्यांच्या धोरणावर अवलंबून असते आणि एकदा तो पुसला गेला की मागण्यासारखे काही उरत नाही.