रंग ‘मिक्स’ करणं: कालवणं, फुटणं की हात देणं?

परभणीकर: शाळेत चित्रकला शिकवतो. पोरं आता टॅबवर जलरंगाचे ब्रश वापरायलेत. ‘रंग मिसळा’ म्हटलं की एक जण डाग चोळत बसतो, दुसरा वर लेयर चढवतो, तिसरा ओला ब्रश घेऊन रंग सोडून देतो. तिघंही म्हणतात, मिसळला की सर! यांना वेगळे शब्द आहेत का?

लातूरची ताई: आहेत की सर. दोन रंग घोटून एकजीव केले, ते कालवणं. ओल्यात रंग आपोआप पसरला, कडेला झालरी आल्या, तर तो फुटला. वहीत शाई फुटायची तसा. आणि वाळल्यावर वरून पातळ थर दिला तर तो हात. रंगारी म्हणतोच, ‘दुसरा हात उद्या मारू.’ टॅबवर त्यासाठी नवा लेयर, मल्टिप्लायवर, म्हणजे वरच्या-खालच्या रंगांच्या आकड्यांचा गुणाकार करणाऱ्या मोडवर.

परभणीकर: हात एकदम पटला. पण पिवळ्यात निळा कालवला की पोरांना हिरवा पाहिजे असतो, येतो राखाडी. मग काय म्हणायचं?

पैठणवाले: त्याला शब्द काय करणार! पडद्यावर प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 मधले तीन आकडे. बहुतेक ॲप नुसती या आकड्यांची सरासरी काढतात. पिवळा 255, 255, 0. निळा 0, 0, 255. निम्मे-निम्मे केले की तिन्ही आकडे 128 च्या आसपास, म्हणजे राखाडीच. मल्टिप्लायवर तर थेट काळा. खरा रंगकण काही प्रकाश शोषतो, काही विखुरतो. त्याचं गणित कुबेल्का आणि मुंक या शास्त्रज्ञांनी 1931 साली मांडलं. त्यावर बेतलेलं मिक्सबॉक्स, म्हणजे खऱ्या रंगांसारखं मिसळणारं तंत्र, 2021 मध्ये आलं. रेबेल या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या प्रो आवृत्तीत ते आहे, तिथं हिरवा येतो. नसेल तर निळ्याऐवजी 0, 255, 255, म्हणजे सायन (हिरवट आकाशी) घ्या. कालवला तर फिका हिरवा, हात दिला तर गडद.

अन् एक राहिलं. कोरड्या ब्रशनं दोन रंगांचे सुटे ठिपके दिले तर त्याला मिसळणं म्हणूच नका. आमच्याकडं पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे) दुसऱ्या रंगाचा, ती धूपछाव. रंग जागच्या जागी असतात, मिसळतो तो डोळा.

लातूरची ताई: वा! धूपछाव घेतला.

परभणीकर: मीही. फक्त ‘पेपरवर रंग फुटला’ असं दहावीच्या वर्गात म्हणता येत नाही, पोरं लगेच ‘कोणत्या विषयाचा?’ विचारतात. तिथं ‘कागदावर’ म्हणतो.