मदत हवी आहे: स्पेसच्या गेमचं एक्स्पान्शन घ्यावं का? साडेदहाला सेल संपतोय

पंचगंगा_घाट (धागाकर्ता), संध्याकाळी ७:४१
सरळ विचारतो. एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला जोडायचा वेगळा विकत मिळणारा वाढीव भाग, घेण्यासारखं आहे का? आज रात्री साडेदहाला सेल संपतोय. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गेमचं एक्स्पान्शन घेऊन पस्तावलोय. दोन तासांत संपलं, वर नवीन काहीच नव्हतं. परत तसं नको. ज्यांनी खेळलंय त्यांनी हो किंवा नाही एवढंच सांगा की. यूट्यूबवर बघायला गेलं की सगळं आधीच फोडून सांगतात, म्हणून इथं विचारतोय.

जुना_खेळाडू, ७:४८
कुठल्या गेमचं?

बिनतारी, ७:५०
गेमचं नाव नाही, पीसी की प्लेस्टेशन ते नाही. हो किंवा नाही कशाच्या आधारावर सांगायचं?

सोमवार_पेठ, ७:५३
स्पेसचा गेम हवा असेल तर नो मॅन्स स्काय घे भावा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हापासून मोठमोठे अपडेट सगळे फुकट. एकदा गेम घेतला की एक्स्पान्शनचा प्रश्नच नाही. ग्रह किती, तर १८ वर १८ शून्यं. आयुष्यभर खेळलास तरी संपायचे नाहीत.

पंचगंगा_घाट, ७:५८
सॉरी, घाईत राहिलं. आउटर वाइल्ड्स. लॅपटॉपवर, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून. आता सांगा.

बिनतारी, ८:०२
हां, मग डोळे झाकून घ्या. दोन एक्स्पान्शन आहेत, दोन्ही घ्या. पेरिल ऑन गॉर्गन आधी, नंतर मर्डर ऑन एरिडानोस. दुसऱ्यात खुनाचा तपास आहे, तो जास्त रंगलाय. संवाद एक नंबर. बरोबरच्या साथीदारांची पातळी वाढवून मगच जा, नाहीतर मारामारी जड जाते.

जुना_खेळाडू, ८:०६
बिनतारी, तुम्ही आउटर वर्ल्ड्सबद्दल बोलताय. तो ऑब्सिडियन कंपनीचा, बंदुका-संवादवाला. यांनी आउटर वाइल्ड्स विचारलाय, मोबियस डिजिटलचा. दोन्ही २०१९ चेच, त्यामुळे हा घोळ कायम होतो. वाइल्ड्समध्ये बंदूकच नाही. त्याचं एक्स्पान्शन एकच, एकोज ऑफ द आय, २८ सप्टेंबर २०२१ ला आलं.

बिनतारी, ८:०८
बरोबर, माझी चूक. पण वर्ल्ड्सपण चांगला आहे, तेवढं नोंदवून ठेवतो.

कंदील, ८:११
धागाकर्ते, एकच प्रश्न. मूळ गेम संपवलाय का? शेवट बघितलाय का? यावर सगळं अवलंबून आहे.

पंचगंगा_घाट, ८:१५
नाही संपवला. डार्क ब्रॅम्बल या ग्रहावर अडकलोय. आत गेलं की ते मोठे मासे गिळतात. दहा दिवस झाले, तिथंच आहोत. म्हणून म्हटलं एक्स्पान्शन घ्यावं, नवीन काहीतरी हाताला लागेल, ह्या माशांतून सुटका होईल.

कंदील, ८:२०
मग आज घेऊ नका. मनापासून सांगतोय. हा गेम माणसाला एकदाच खेळता येतो. यात ताकद वाढत नाही, हत्यार मिळत नाही, नवं यान मिळत नाही. दर २२ मिनिटांनी सगळं पहिल्यापासून. तुमच्याकडं उरतं काय, तर तुम्हाला जे कळलं तेवढंच. ब्रिटल हॉलो या ग्रहाच्या पोटात काय आहे हे पहिल्यांदा खाली पडताना कळतं, दुसऱ्यांदा नाही. एकदा कळलेलं विसरता येत नाही, म्हणून कुठली गोष्ट कधी कळते याला महत्त्व आहे. एक्स्पान्शनमध्ये मूळ गेममधल्या एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न तुम्हाला अजून पडलाच नसेल तर उत्तर वाया जाईल. आधी मूळ गेम शेवटापर्यंत न्या. सेल काय, तीन महिन्यांनी परत येतो.

शाहूपुरी_सहावी, ८:२६
मला हे अर्धंच पटतं. मी मूळ गेमचा शेवट बघितलो आणि मग एक्स्पान्शन घेतलो. मध्ये आठ महिने गेले. यान चालवायचं विसरलेलो, ग्रहांचे रस्ते विसरलेलो, आणि मुख्य म्हणजे मन तिथून निघालेलं. त्या शेवटानंतर, दर वेळी जिथं सुरुवात होते त्या शेकोटीपाशी परत उठायला जीव होत नाही. शिवाय एक्स्पान्शन पूर्ण करून मग शेवटाला गेलं तर त्या शेवटात थोडी भर पडते. काय ते सांगत नाही. पण ती भर मला नंतर, वेगळी, तुकड्यानं बघायला लागली. ज्यांनी ती जागच्या जागी बघितली त्यांचा हेवा वाटतो.

म्हणून माझं म्हणणं असं की मूळ गेम नव्वद टक्के खेळा, शेवटचा टप्पा राखून ठेवा, मग एक्स्पान्शन, आणि मग शेवट.

निवांत_पुणेकर, ८:२९
शाहूपुरी दादांचं पटलं. मी नेमकं हेच केलं होतं आणि शेवटी टिपं गाळली.

शाहूपुरी_सहावी, ८:३१
दादा न्हवे, ताई. कोल्हापुरात आम्ही पोरी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो. माझी आईपण असंच बोलते.

निवांत_पुणेकर, ८:३२
माफ करा ताई. हे माहीत नव्हतं.

जुना_खेळाडू, ८:३५
माझी धाकटी बहीण पुण्यात कॉलेजला गेली आणि सहा महिन्यांत ‘मी आले’ म्हणायला लागली. वर्गातल्या मुली हसायच्या म्हणे. मला फार वाईट वाटलेलं. सुट्टीत घरी आली की दोन दिवसांनी परत ‘आलो’ व्हायचं, तेव्हा आज्जीला बरं वाटायचं.

सोमवार_पेठ, ८:३८
विषयावर या. एवढी किंमत देऊन किती तासांचा खेळ मिळतो ते सांगा. माझ्या गेममध्ये तेवढ्याच पैशांत अख्खं विश्व आहे.

जुना_खेळाडू, ८:४४
मला एक्स्पान्शनला दहा-अकरा तास लागले, मूळ गेमला वीसच्या आसपास. पण भावा, हे दोन गेम एका तागडीत घालू नकोस. तुझे ग्रह गणितानं तयार होतात, म्हणून संपत नाहीत. इथं मोजून पाच-सहा ग्रह, तेही एवढेसे, पण एकेक दगड माणसानं विचार करून ठेवलेला. अवरग्लास ट्विन्स हे जोडग्रह बघ. एका ग्रहावरची वाळू दुसऱ्यावर पडत राहते, एक रिकामा होतो, दुसरा भरतो. आणि कुठं कधी जायचं हे त्या वाळूवर ठरतं. २०२० मध्ये ब्रिटनच्या बाफ्टाचं सर्वोत्तम गेमचं पारितोषिक याला मिळालं. सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून झालेली.

सोमवार_पेठ, ८:४७
मान्य. पण मला मोकळं फिरायला आवडतं. कोडी सोडवत बसलं की डोकं दुखतं. त्याचाही विचार व्हावा.

मसाई_पठार, ८:५२
गेमबद्दल मला कळत नाही, पण अवकाशाची एवढी आवड आहे तर सांगतो. ते पैसे दुर्बिणीत घाला. १० बाय ५०ची साधी द्विनेत्री घ्या आणि पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठारावर जा. गावातल्या उजेडातून सुटलं की आकाश उघडतं. सध्या मे आहे, वळवाचे ढग नसतील ती रात्र धरा. नऊच्या सुमारास दक्षिणेला क्षितिजाजवळ त्रिशंकू दिसतो. आपण बऱ्यापैकी दक्षिणेला असल्यामुळं तो दिसतो, दिल्लीकरांना मिळत नाही. डोक्यावर चित्रा आणि स्वाती. गुरू वर असला तर हात स्थिर धरून द्विनेत्रीतून त्याचे चार चंद्र ठिपक्यासारखे दिसतात. शनीची कडी मात्र त्यात दिसत नाहीत, त्याला मोठी दुर्बीण लागते, दुकानदार काही का सांगेना.

पंचगंगा_घाट, ८:५७
मसाई पठारवाले काका, माहितीबद्दल आभार, हे वेगळं लिहून ठेवलं. पण माझ्याकडं दीड तास आहे. घेऊ की नको? आणि कंदील, सेल परत येतो हे मलाही माहीत आहे, पण पोरगी परत येत नाही.

कंदील, ८:५९
कोण पोरगी?

पंचगंगा_घाट, ९:०६
पुतणी. नाशिकला असते, सुट्टीला आलीय, आता आठवीत जाईल. हा गेम आम्ही दोघं मिळून खेळतोय. यान मी चालवतो, भिंतीवरचं नोमाई लिखाण, म्हणजे गेममधल्या जुन्या परग्रहवासीयांचं, ती वाचते आणि मला मराठीत सांगते. वही केलीय तिनं, कुठल्या ग्रहावर काय सापडलं याची. यानातल्या लॉगमध्ये सगळं आपोआप नोंदलं जातं म्हटलं, तर म्हणते ते त्यांचं, हे आपलं. पुढच्या रविवारी जाणार. तिकडं लॅपटॉप नाही, आणि दिवाळीशिवाय भेट नाही. म्हणून घाई आहे.

शाहूपुरी_सहावी, ९:०९
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! आता सगळा सल्लाच बदलला. ती अंधाराला भिते का?

पंचगंगा_घाट, ९:१२
भिते. माशांपाशी डोळे झाकते. का?

शाहूपुरी_सहावी, ९:१८
कारण एक्स्पान्शन मूळ गेमपेक्षा भीतिदायक आहे. रक्त वगैरे काही नाही, पण अंधारात बराच वेळ चालायला लागतं आणि अंधारात आपण एकटे नसतो. मी रात्री एकटी खेळलो, दोनदा बंद करून उठलो. सेटिंगमध्ये ‘रिड्यूस्ड फ्राइट्स’ म्हणून पर्याय आहे, तो आधी चालू करा. त्यानं धास्तीचे प्रसंग सौम्य होतात. अंधार जात नाही. पण त्याच्या आधीचा, पहिला अर्धा भाग इतका सुंदर आहे की पोरगी खिडकीला चिकटल्यासारखी बघत बसेल.

कंदील, ९:२३
मग तर आणखीनच नको. सात-आठ दिवस हातात आहेत. एवढ्यात मूळ गेम नीट होतो. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही अर्धे राहतील आणि ती अर्ध्या वहीनिशी परत जाईल. मूळ गेमचा शेवट दोघांनी शेजारी बसून बघा. मी माझ्या भावाबरोबर बघितलाय, आता तो परदेशात असतो. त्याच्याशी बोलताना आजही तो शेवट निघतो.

शाहूपुरी_सहावी, ९:२७
पटतंय, पण ते दहा दिवस एका जागी अडकलेत त्याचं काय? दमून दोघंही सोडून देतील. अडकलं की दुसरीकडं जावं, हाच तर या गेमचा स्वभाव आहे.

निवांत_पुणेकर, ९:३१
माशांसाठी एक सांगू का? लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळलायत ना? डोळे बांधलेल्यावर राज्य असतं तेव्हा आपण त्याच्या शेजारून कसे जातो?

कंदील, ९:३२
अहो! हे उत्तरच दिलंत की. दहा दिवस ज्यासाठी धडपडतायत ते एका ओळीत फोडलंत. अशी मदत करू नये.

निवांत_पुणेकर, ९:३५
मी काहीच फोडलं नाही. दहा दिवस अडकलेल्या माणसाला एवढं सांगितलं तर त्याच्या आनंदात काय कमी होतं?

जुना_खेळाडू, ९:४०
भांडू नका. धागाकर्ते, पुतणीला ही ओळ दाखवू नका. तिला एवढंच म्हणा की एम्बर ट्विनवर, म्हणजे जोडग्रहांपैकी वाळूनं भरत जातो त्याच्यावर, एका मोठ्या माशाचा सांगाडा आहे, तिथं नोमाईंची पोरं खेळायला यायची, त्यांनी काय लिहून ठेवलंय ते वाचायचं राहिलंय. वाळू चढायच्या आत पोचा, म्हणजे उठल्या उठल्या निघा. तिनं वाचू दे, तिलाच कळू दे.

पंचगंगा_घाट, ९:४३
तिथं गेलोच नाही आम्ही! वाळूत दोनदा चिरडलो म्हणून तो ग्रहच सोडलेला. थांबा.

जुना_खेळाडू, ९:५०
आणि घ्यायचं की नाही, तर माझं मत: घ्या. स्टीमवर परत करायची सोय आहे. घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तुमचे दोन तास उद्याच होतील, त्यामुळं त्यावर फार विसंबू नका. सुरुवात मात्र गेममधल्या गावातल्या संग्रहालयातून करायची, तिथं एक नवीन गोष्ट मांडलेली दिसेल.

पंचगंगा_घाट, १०:१६
झालं!! तिनंच वाचलं, तिलाच कळलं. वही मिटली आणि म्हणाली, काका, आता तू काही बोलू नकोस आणि इंजिनाला हात लावू नकोस. आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. तीन मासे, आणि आम्ही शेजारून गेलो. आई आतून विचारतेय काय झालं ओरडायला. जेवायला वाढून ठेवलंय, दोघंही उठलो नाही.

कंदील, मूळ गेम आधी, तुमचं ऐकतो. पण एक्स्पान्शन आत्ताच घेतलंय. पर्याय चालू करून पहिला, सुंदर म्हणताय तो भाग शुक्रवारी दिवसाउजेडी बघू, उरलेलं दिवाळीत.

शाहूपुरी ताई, ते शेवटचा टप्पा राखून ठेवायचं म्हणालात, तो आला हे ओळखायचं कसं?

शाहूपुरी_सहावी, १०:२१
एक वस्तू मिळेल. ती जागेवरून काढली की संगीत बदलतं. लगेच कळेल, दोघांनाही. तिथं थांबा. ती परत जागेवर ठेवता येते.

कंदील, १०:२४
हे मात्र बरोबर सांगितलं. दिवाळीत शेवट बघून झाला की इथं लिहा. काय बघितलं ते नको, ती काय म्हणाली ते लिहा.

पंचगंगा_घाट, १०:२६
लिहितो. डाउनलोड ६२ टक्के झालंय.